जिचा पास, तिचे पाणी

कुमुदताई हर्षे यांची आणि माझी ओळख एका उडत्या डब्याने करून दिली. जबलपूरच्या मुलींच्या कॉलेजात माझा पहिलाच आठवडा होता. आमच्या क्वार्टर्समधली मैत्रीण वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी होती आणि तिचा जेवणाचा डबा माझ्या पिशवीत राहिला होता. जिना चढायचा कंटाळा म्हणून मी तो खालूनच फेकला. तिने तो अलगद झेलला. मागे वळून पाहते तो पांढऱ्या सुती साडीतल्या, गळ्यात शिटी अडकवलेल्या एक बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. आता कॉलेजातून नाव कटणार असे मी धरूनच चालले. बाईंनी मला काही विचारले नाही. मान वर करून त्या मैत्रिणीला म्हणाल्या, “उघडून बघ गं, भाजी सांडली का?” भाजी रश्श्याची होती. मैत्रिणीने झाकण उघडले आणि नाही म्हणून मान हलवली.

“चलो,” बाई मला म्हणाल्या, “संध्याकाळी मैदानावर ये. बूट नसले तर अनवाणी ये.”

ताईंच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मला ‘ताईंचे क्रीडाक्षेत्रातील योगदान’ असा विषय दिला आहे. असले शब्द कानावर पडले तर ताई शिटी फुंकून फाउल देतील, हे मंडळाला ठाऊक नसावे. मी त्यांच्या हाताखाली बास्केटबॉल खेळले, त्यांच्याच आग्रहाने पुढे शाळेत खेळाची शिक्षिका झाले आणि आता निवृत्तही झाले आहे. एवढ्या वर्षांत मला त्यांचे जेवढे कळले तेवढे सांगते. योगदान वाचकांनी आपापले शोधावे.

मी अनवाणीच गेले. कॉलेजच्या मागे मुरमाचे मैदान होते, दोन्ही टोकांना लोखंडी खांब आणि त्यांवर किंचित वाकलेल्या रिंगा. कडेला कडुनिंब, त्याच्या सावलीत पाण्याचा माठ, माठावर पितळेचा एक लोटा. या माठाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढची सगळी हकीकत त्याच्याभोवतीच घडली आहे.

आम्ही रांझीच्या कारखाना-क्वार्टर्समध्ये राहत होतो. आजोबा भंडाऱ्याकडून आले आणि कारखान्यात लागले, मग बाबाही तिथेच लागले. आम्ही बौद्ध झालो होतो, पण दीक्षितपुऱ्याच्या, म्हणजे शहरातल्या जुन्या मराठी ब्राह्मण वस्तीच्या, लेखी आम्ही जिथे होतो तिथेच होतो. ताई त्याच दीक्षितपुऱ्यातल्या, मराठ्यांच्या अमदानीत चाकरीसाठी येऊन इथेच रुजलेल्या घराण्यातल्या. संघातल्या बहुतेक मुली त्यांच्याच गल्ल्यांमधल्या, दोघीतिघी हिंदी घरांतल्या. क्वार्टर्समधली, त्यातून आमच्या वस्तीतली मुलगी त्या संघात कधी आली नव्हती. कुणी बंदी केलेली नव्हती. कुणी बोलावलेच नव्हते, एवढेच.

ते वर्ष बांगलादेशच्या लढाईचे. लढाई जाहीर व्हायला अजून अवकाश होता, पण जबलपूरला या गोष्टी वर्तमानपत्राच्या आधी कळतात. तोफगोळ्यांच्या कारखान्यांच्या पाळ्या वाढल्या, भोंगे अवेळी वाजू लागले, आणि बाबा घरी फक्त झोपायला येऊ लागले. अशाच एका दिवशी, ते जेमतेम आडवे होतात तोच ताई सायकलवरून आमच्या दारात हजर. बाबा उठून बसले आणि त्यांनी सरळ विचारले, “बाई, पोरगी चेंडू खेळून काय करन?”

“ते मलाही माहीत नाही,” ताई म्हणाल्या. “पण न खेळता काय करते ते तर आपण सगळ्या घरांत पाहूनच राहिलो आहोत.”

बाबा हसले. हसले की ते हरले, हे आईला आणि मला ठाऊक होते.

ताईंचे खेळाचे शास्त्र पासवर उभे होते. बास्केट टाकणे ही त्यांच्या मते दुय्यम गोष्ट. “चेंडू तिच्या हाताशी न्यायचा. तिला चेंडूमागे पळवायचं नाही,” हे त्या इतक्या वेळा सांगत की झोपेतही आम्हाला ऐकू येई. आम्हाला गोल उभे करून त्या एकीचे नाव पुकारत आणि नाव संपायच्या आत चेंडू तिच्या छातीशी पोहोचला पाहिजे, असा हट्ट धरत. उंच मुलींना यात फार गोडी नव्हती. मला मात्र हा डबाफेकीचाच खेळ वाटला आणि मी त्यात रमले.

याच शास्त्रातून त्यांचा एक नियम निघाला होता. मैदानावर चपराशी नसे आणि दमल्यावर माठातून पाणी कोणी काढायचे यावरून मुलींची भांडणे होत. ताईंनी ठरवून टाकले की सरावाची किंवा सामन्याची शेवटची बास्केट जिच्या पासवर पडेल तिने सगळ्यांना पाणी द्यायचे. जिचा पास, तिचे पाणी. “बास्केट टाकणारीला टाळ्या मिळतात. पास देणारीला निदान हा मान मिळू दे,” असे त्या म्हणत. आणि मुली खरोखरच त्याला मान समजत. लोटा बुडवून भरायचा, एकेकीच्या हातात द्यायचा, तिने ओठ न लावता वरून प्यायचे आणि पुढे द्यायचा. सगळ्यांचे झाले की शेवटी ताई. मुलींच्या आधी त्या कधी पाणी पीत नसत, हाही नियमाचाच भाग होता.

हा नियम माझ्या येण्याच्या खूप आधीचा. ताईंनी तो माझ्यासाठी केला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण पुढे दीक्षितपुऱ्यात तसे बोलले गेले. नियम माझ्यासाठी केलेला नव्हता, तो माझ्यासाठी बदलला नाही, एवढाच ताईंचा अपराध.

पहिल्या काही आठवड्यांत पाणी द्यायची पाळी माझ्यावर आली नाही, आणि लोटा फिरू लागला की मी आपणहून फाटकाजवळच्या नळावर जाऊन पिऊन घेई. मग एका संध्याकाळी आमची कप्तान नलू गोरे हिने माझ्या पासवर शेवटची बास्केट टाकली. शिटी वाजली. मी माठाकडे गेले, लोटा भरला आणि वळले. सगळ्या मुली एकाएकी कामात. कुणी बुटाची नाडी बांधते आहे, कुणी वेणी सोडून परत घालते आहे. मी पहिलीसमोर लोटा धरला. ती शकुन, हिंदी घरातली, मनाने साधी. ती खाली बघत म्हणाली, “आज प्यास नहीं है जी।” दुसरीलाही नव्हती. नलूलाही नव्हती. जबलपूरच्या ऑक्टोबरातल्या उन्हात तासभर धावून तहान न लागलेल्या इतक्या मुली मी आयुष्यात पुन्हा एकत्र पाहिल्या नाहीत.

मला रडू आले नाही, राग आला. ताई लांबून सगळे पाहत होत्या. मला वाटले, आता त्या पुढे येतील, माझ्या हातचे पाणी पितील आणि एक भाषण देतील. त्यांनी तसे केले नाही. “मंदा, लोटा झाडाला घाल,” त्या म्हणाल्या. “यांना तहान लागेपर्यंत मलाही थांबलं पाहिजे.” आणि कोरड्या घशाने सायकलवर बसून निघून गेल्या.

मुलींचा ताईंवर फार जीव होता, म्हणून त्यांनी यातून वाट काढली. सरावाची शेवटची काही मिनिटे माझ्या पासवर कुणी नेम धरून टाकेचना. रिंगेखाली एकटी उभी असलेली नलू, जी एरवी झोपेतही बास्केट टाकेल, माझा पास आला की चेंडू हमखास खांबावर मारी. अशा वेळी शेवटची बास्केट दुसऱ्याच कुणाच्या तरी पासवर पडे आणि सगळ्यांना कडकडून तहान लागे. ताई मात्र तेव्हाही आपला लोटा झाडालाच घालत. पण सवय ही अशी गोष्ट की ती शेवटच्या मिनिटांपुरती राहत नाही. शेजारच्या कॉलेजाशी मैत्रीचा सामना झाला तेव्हा मुली माझ्या पासवर सुरुवातीपासूनच चुकू लागल्या आणि ज्या संघाला आम्ही हसत हरवायचो त्याच्याकडून सपाटून मार खाऊन घरी आलो.

त्या संध्याकाळी मी ताईंना तोडगा सुचवला. “ताई, मी घरून पाणी आणत जाईन. माझं मी पिईन. पाळी दुसरीला द्या.”

ताई माझ्यावर रागावल्याचा तो एकमेव प्रसंग. “आज पाणी घरून आणशील. उद्या चेंडूही घरूनच आणशील का? मग एकटीच खेळ.”

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम लढत आमच्याच मैदानावर ठरली होती. ती जवळ आली तसे नलूचे वडील, अण्णा गोरे, कॉलेजात आले. ते बाबांच्याच कारखान्यात स्टोअर्समध्ये होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी प्राचार्यांसमोर अगदी सौम्यपणे सांगितले, “ती मुलगी खेळू दे. आम्ही काही जुन्या वळणाचे नाही. फक्त पाणी चपराशी देईल, एवढं करा. नाही तर नलू येणार नाही, आणि आमच्या गल्लीतल्या बाकीच्या मुलीही येणार नाहीत.” प्राचार्यांना हे फार सोयीचे वाटले. त्या ताईंना म्हणाल्या, “काय बिघडतं?”

“काही नाही,” ताई म्हणाल्या. “मग पासही चपराश्यालाच द्यायला सांगू.”

पण थट्टेने प्रश्न सुटणार नव्हता. दीक्षितपुऱ्यातल्या मुली गेल्या की संघच उरत नव्हता, आणि पाणी चपराश्याकडे गेले की मी संघात असून नसल्यासारखी होते. मी त्या रात्री आईला म्हटले, की ताई मला काढतील. आईने एवढेच म्हटले, “काढायचं असतं तर येवढे दिवस तहानेली राहिली असती का थे बाई?”

ताईंनी पुढे जे केले ते फक्त दीक्षितपुऱ्यात वाढलेल्या बाईलाच सुचले असते. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. फराळाला बोलावणी चालू होती. ताई एकेका मुलीच्या घरी गेल्या. लुगड्याचा पदर सावरून पाटावर बसल्या, ख्यालीखुशाली विचारली, आजीच्या गुडघ्यांची चौकशी केली. समोर चकली, चिवडा, पाण्याचा पेला आला की हात जोडून म्हणाल्या, “आज तहान नाही.” चहा आला. “तहान नाही.” आणि उठल्या. कुणाला दोष दिला नाही, माझे नावसुद्धा घेतले नाही. नलूची आई दारापर्यंत मागे आली आणि काकुळतीने म्हणाली, “कुमुद, अगं काहून अशी करून राहिली? आमच्या हातून काही चुकलं का?”

“नाही हो वहिनी,” ताई म्हणाल्या. “माझ्या मुली मैदानावर तहानलेल्या आहेत. त्यांच्या आधी मी पीत नाही, तुम्हाला तर माहीतच आहे.”

सणासुदीला घरी आलेली बाई पाणी न घेता परत जाणे म्हणजे काय, हे मराठी वाचकांना मी सांगायला नको. हर्ष्यांची कुमुद गल्लीतल्या कुठल्याच घरचे पाणी घेत नाही, ही बातमी बड्या फुहाऱ्याच्या बाजारापर्यंत गेली. पुरुषांनी ‘बाई हट्टी आहे’ म्हणून सोडून दिले. बायकांना ते जमेना. देवापुढे दिवा लावताना त्यांना तो न उचललेला पेला दिसू लागला. नलू सांगते, त्या आठवड्यात तिच्या आईने अण्णांना जेवताना विचारले, “डबल पाळीला कारखान्यात बादलीतून चहा पिता. तो कोण ओततं, कधी विचारलं का तुम्ही?” अण्णा म्हणाले, “कारखान्याची गोष्ट वेगळी.” “अच्छा,” आई म्हणाली, आणि त्यांना दुसऱ्यांदा वरण वाढले नाही. तो चहा ओतणारे माझेच बाबा होते असे सांगायला मला फार आवडले असते, पण ते दुसऱ्या सेक्शनमध्ये होते.

अंतिम सामन्याच्या दिवशी अण्णांना कारखान्यात जादा पाळी लागली. हो किंवा नाही म्हणायला ते घरी नव्हते. नलूच्या आईने नलूचे कॅनव्हासचे बूट स्वतः खडूने पांढरे करून ठेवले होते. नलू आली, म्हणून बाकीच्याही आल्या. पाणी कुणी कुणाचे प्यायचे यावर एक शब्द निघाला नाही. त्या दिवशी संध्याकाळी शहरात ब्लॅकआउटची तालीम होती. भोंगा व्हायच्या आत मैदान रिकामे झाले पाहिजे, असा हुकूम होता. सामना दुपारीच सुरू झाला.

पाहुणा संघ तगडा होता. पण नलू त्या दिवशी खांबावर चेंडू मारायचे विसरली. माझे पास तिने घेतले, शकुनने घेतले, आणि बास्केट पडत गेल्या. मला वाटू लागले की आता काही का होईना, आम्ही एक संघ म्हणून हरू तरी. शेवटी दोन्ही बाजू बरोबरीत आल्या. ऊन कडुनिंबाच्या शेंड्यावर गेले होते. चेंडू नलूकडे होता आणि पाहुण्या संघाच्या तिघी तिला घेरून उभ्या होत्या. मी मोकळी होते. मी कधी बास्केट टाकत नाही हे त्यांना एव्हाना कळले होते, म्हणून माझ्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. नलूने माझ्याकडे पाहिले आणि चेंडू दिला. तो असा आला की मला हात हलवावा लागला नाही. ताईंनी शिकवला होता तसाच तो पास होता. मी डोळे मिटले आणि चेंडू वर फेकला. चांगल्या खेळाडूने डोळे मिटायचे नसतात. पण वाकड्या रिंगेने माझ्यावर दया केली. ताईंची शिटी वाजली नाही, कारण ती त्यांच्या तोंडातून खाली पडली होती.

आम्ही जिंकलो होतो. गलका शमल्यावर माझ्या ध्यानात आले, की बास्केट माझी, म्हणजे पास नलूचा. पाणी तिने द्यायचे. मनातून मी थोडी खट्टूच झाले. आता सगळ्यांना सुखाने तहान लागणार आणि माझ्या हातच्या पाण्याचा प्रश्न पुन्हा पुढे ढकलला जाणार.

नलू माठाशी गेली. तिने लोटा भरला आणि सगळ्यांना सोडून सरळ माझ्यासमोर आली. मी काय केले असेल? मी ओंजळ पुढे केली. भंडाऱ्याकडच्या गावी आजीला मी तशीच पाणी घेताना पाहिले होते, वरून कुणीतरी ओतायचे आणि खाली ओंजळ धरायची. माझ्या हातांना ते कुणी शिकवले नव्हते, तरी ते त्यांना येत होते.

नलू ओंजळीकडे बघत राहिली. तिचा चेहरा लाल झाला. “ओंजळ काहून करून राहिली?” ती म्हणाली. “लोटा धर ना.”

मी लोटा धरला. वरून प्यायचा प्रयत्न केला, पण घाईत ओठ लागले. मी घाबरून तिच्याकडे पाहिले. तिने माझ्या हातातून लोटा घेतला, उरलेले पाणी माझ्यासारखेच ओठ लावून प्याली आणि मग तो माझ्याच हातात परत देत म्हणाली, “भर. मला अजून हवं.” मी माठात लोटा बुडवला. शकुन मागून ओरडली, “पहले मुझे दो जी, जान निकल रही है।” सगळ्यांना द्यायला माठ पुरेल का याचीच मला चिंता पडली. आम्ही दोघींनी मिळून पाणी दिले. सर्वांत शेवटी ताईंच्या हातात लोटा गेला. त्यांनी तो एका दमात रिकामा केला, दुसरा मागितला, मग आणखी एक. पदराने तोंड पुसता पुसता त्यांनी डोळेही पुसून घेतले. एव्हाना सूर्य बुडून अंधारून आले होते. तेवढ्यात भोंगा झाला. दिवे गेले आणि त्या गर्द अंधारात आम्ही सगळ्या एकमेकींचे हात धरून हसत फाटकाकडे पळालो.

यानंतर सगळे जग बदलले असे मी लिहिणार नाही. अण्णांनी माझ्या हातचे पाणी बरीच वर्षे घेतले नाही. पण नलूच्या लग्नात पंगतीला जिलबी वाढायला मी होते. अण्णांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग जिलबीकडे, आणि जिलबी जिंकली. पुढे ते मला ‘आमची मंदा’ म्हणू लागले, तेव्हा मीही मागचे काही काढले नाही.

ताईंच्या माझ्यावरच्या मायेबद्दल सांगायचे तर त्यांच्या खिचडीबद्दल सांगावे लागेल. मी टायफॉइडने अंथरुणाला खिळले तेव्हा दीक्षितपुऱ्याहून रांझीपर्यंत सायकल हाकत त्या रोज खिचडी आणत. ताईंना सगळे येते, स्वयंपाक येत नाही. मी लवकर बरी झाले याचे श्रेय डॉक्टर घेतात, पण खरे श्रेय खिचडीचे आहे. ती आणखी खाण्याची माझी तयारी नव्हती. मात्र त्या दिवसांत एक गोष्ट रोज घडे. ताई आमच्या घरात पाऊल टाकताच, सायकलचा घाम पुसायच्याही आधी, आईला म्हणत, “वहिनी, पाणी द्या हो.” थंडीच्या दिवसांतही म्हणत. ताईंचा तो पेला आईने मरेपर्यंत मानाचा म्हणून वेगळा ठेवला. त्या पेल्यातून तिने दुसऱ्या कुणाला पाणी दिले नाही. खरे सांगते, मला त्या पेल्याचा हेवा वाटे.

आता ताईंचे गुडघे कुरकुरतात आणि सायकल नातवंडांनी पळवली आहे. शिटी मात्र उशाशी असते. परवा भेटले तर सत्काराचे नाव काढताच म्हणाल्या, “हार-तुरे करून राहिले म्हणे. मी काय घोडी आहे?”

मंडळाने शाल, श्रीफळ, मानपत्र सगळे ठरवले आहे, त्याला माझी ना नाही. एकच दुरुस्ती सुचवते. मंचावर बाटल्या मांडू नका, एक माठ ठेवा आणि एक पितळेचा लोटा. मी शिक्षिका झाले, नलूने तिच्या गावी मुलींचा संघ उभा केला, शकुन आजी होऊनही नातींना मैदानावर नेते. या सगळ्या बास्केट आमच्या नावावर लागल्या आणि टाळ्याही आम्हीच घेतल्या. पण पास कुणाचा होता? तेव्हा नियमाप्रमाणे त्या दिवशी पाणी ताईंनीच द्यायचे आहे. रांग लांब असेल. पुढच्याही वर्षी ती तशीच लागेल, शंभरीलाही लागेल, आणि तोवर त्यांचा हात असाच खणखणीत राहो, डोळे असेच रोखून बघोत, रोज पोटभर जेवण आणि गाढ झोप त्यांना लाभो, एवढेच मागणे आहे.

लोटा भरा, ताई. आम्हा सगळ्यांना तहान लागली आहे.